पिशवीचे वजन

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजांच्या सनावळ्या असतात, लढाया असतात, तह असतात. घरातील खुंटीवर टांगलेल्या वस्तूला त्यात सहसा स्थान मिळत नाही. परंतु मनुष्याच्या राहणीत जे मोठे बदल घडून येतात, ते पुष्कळदा अशा क्षुल्लक वस्तूंच्या पावलांनीच येतात. आणि आले आहेत हे आपल्या ध्यानी येईपर्यंत ते स्थिरावलेलेही असतात. आज अशाच एका वस्तूची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे. ती वस्तू म्हणजे बाजारातून सामान आणण्याची प्लॅस्टिकची पिशवी.

ह्या पिशवीचा सर्वांत मोठा गुण हा, की तिला वजन नाही. आणि तिच्यापासून झालेल्या उपद्रवाचे मूळही ह्याच गुणात आहे. वजन ह्या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक तराजूतील भार, आणि दुसरा मान किंवा किंमत. सभेत ज्याच्या शब्दाला मान असतो त्याच्या शब्दाला वजन आहे, असे आपण म्हणतो. प्लॅस्टिकच्या पिशवीला दोन्ही अर्थांनी वजन नाही. ती हातात जड होत नाही आणि तिच्यासाठी पैसा मोजावा लागत नाही. गेल्या तीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी ह्या पिशवीविरुद्ध जे कायदे केले, ते बारकाईने पाहिले तर असे दिसते, की प्रत्येकाने आपापल्या परीने तिला वजन आणण्याचाच प्रयत्न केला. कोणी ती जाड केली, कोणी तिला किंमत लावली, कोणी तिच्यासाठी तुरुंग दाखविला. त्यांपैकी कोणता उपाय कितपत फळास आला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम ह्या पिशवीच्या आधीचा बाजार आठवू. वाणी डाळ-साखर कागदाच्या पुडीत बांधून देई व पुडीवर दोरा गुंडाळी. तेलाला बाटली आणि दुधाला किटली घरून न्यावी लागे. फुलांची पुडी पानाची असे. धान्य गोणपाटात येई, आणि ती गोणी फाटली तर तिचे पायपुसणे होई. भाजीसाठी जुन्या कापडाची शिवलेली पिशवी हे तर प्रत्येक घराचे एक अंगच होते. ह्या सर्व वस्तूंचा एक समान धर्म होता. एक तर त्या परत घरी येत आणि पुन्हा उपयोगी पडत, किंवा मातीत पडल्या तर मातीच होत. त्या काळची माणसे फार विचारी होती असा ह्याचा अर्थ नाही. फेकून देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते, एवढेच.

ज्या पदार्थाची ही पिशवी बनते त्याचा शोध अपघाताने लागला. इंग्लंडात नॉर्थविच येथे आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्च १९३३ मध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाबाचा प्रयोग करीत होते. पात्राच्या तळाशी त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. पुढे डिसेंबर १९३५ मध्ये तो हुकमी तयार करण्याची रीत हाती आली. हेच पॉलिथिलीन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरील आवरणासाठी ते फार मोलाचे ठरले. आरंभी ही मौल्यवान युद्धसामग्री होती, हे आज सांगितले तर खरे वाटू नये. इ. स. १९५३ मध्ये जर्मनीतील कार्ल त्सीगलर ह्यांनी कमी दाबावर अधिक चिवट पॉलिथिलीन बनविण्याची युक्ती शोधून काढली. त्या कार्याबद्दल त्यांना १९६३ साली इटलीच्या जुलिओ नात्ता ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. अतिशय पातळ असूनही न फाटणारी पिशवी ह्यामुळे शक्य झाली.

तिला आजचा आकार दिला तो स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन ह्यांनी. नॉरशॉपिंग गावच्या सेलोप्लास्ट कंपनीत ते काम करीत. प्लॅस्टिकची एक सपाट नळी घ्यावी, तिची दोन टोके उष्णतेने चिकटवावी, वरचा भाग कापून दोन कान काढावे, की पिशवी तयार. शिवण नको, गोंद नको, वेगळा बंद नको. ह्या रचनेचे अमेरिकेतील एकस्व त्यांच्या कंपनीला १९६५ साली मिळाले. थुलिन ह्यांच्या पुत्राने पुढे सांगितले आहे, की कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जातात ह्याची वडिलांना खंत होती, आणि ही टिकाऊ पिशवी लोक घडी करून खिशात ठेवतील व पुन्हा पुन्हा वापरतील अशी त्यांची समजूत होती. ते स्वतः तसे करीतही असत. मनुष्यस्वभावाबद्दलचा त्यांचा हा अंदाज चुकला. जी वस्तू टिकाऊ आहे पण फुकट मिळते, तिच्या टिकाऊपणाची कदर कोणी करीत नाही.

अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानांनी १९८२ च्या सुमारास ही पिशवी स्वीकारली. आपल्या देशातही पेट्रोरसायनांचा धंदा तोवर मूळ धरू लागला होता. वडोदऱ्याच्या वाचकांना इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे नाव परिचित असेल. हा सरकारी उद्योग त्यांच्याच शहरालगत १९६९ साली स्थापन झाला व पुढे २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाला. अशा कारखान्यांनी देशाला पाण्याचे नळ दिले, तारांची आवरणे दिली, शेततळ्यांचे अस्तर दिले. ह्या उपकारांचा विसर पडू देणे योग्य नाही. प्लॅस्टिक हा पदार्थ वाईट नाही. जो पदार्थ शेकडो वर्षे टिकावा त्याची वस्तू पंधरा मिनिटांच्या उपयोगासाठी करावी, ह्यात चूक आहे.

ही पंधरा मिनिटे संपल्यावर पिशवीचे काय होते? एक साधी पिशवी पाच-सहा ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो भरण्यासाठी दीड-दोनशे पिशव्या उकिरड्यावरून वेचाव्या लागतील. कचरा वेचणाऱ्या बाईला कागद, काच, पत्रा उचलणे परवडते, कारण भंगारवाला ते वजनावर घेतो. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची जी संघटना उभी राहिली तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. नावातील तिन्ही वस्तू तराजूत भरणाऱ्या आहेत. पातळ, मळकट, ओली पिशवी तराजूत भरत नाही. म्हणून ती मागे राहते. मग वारा तिला उडवितो, पाणी तिला वाहून नेते, आणि ती तीन ठिकाणी जाऊन पोहोचते: गटारात, गाईच्या पोटात आणि समुद्रात.

गाईची गोष्ट आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. खरकटे पिशवीत गाठ मारून फेकले जाते. गाय गाठ सोडू शकत नाही. ती पिशवीसकट गिळते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिला मोठा कप्पा हळूहळू ह्या पिशव्यांनी भरत जातो. त्या पचत नाहीत, बाहेरही पडत नाहीत. पोट फुगलेले दिसते आणि जनावर मात्र उपाशी मरते. आंध्र प्रदेशातील करुणा सोसायटी ह्या प्राणिसेवी संस्थेने अशा गाईंवर शस्त्रक्रिया केल्या, आणि हे दुःख २०१२ साली याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले.

समुद्रातील प्रकारही तसाच. गोव्यातील मोरजी आणि गालजीबाग, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास ह्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. जेलीफिश हे समुद्री कासवांच्या खाद्यांपैकी एक. पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी आणि जेलीफिश ह्यांतील भेद कासवाला कसा कळावा? थायलंडच्या किनाऱ्यावर २०१८ साली मरणोन्मुख अवस्थेत सापडलेल्या एका लहान जातीच्या देवमाशाच्या पोटात सुमारे ८० पिशव्या निघाल्या. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत असे आढळले, की पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत, १०,८९८ मीटर खोलीवर, १९९८ सालीच एक प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्याला दिसली होती. जेथे मनुष्य क्वचितच पोहोचला तेथे त्याची पिशवी आधी जाऊन बसली होती. उन्हाने ह्या पिशवीचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. परंतु कण म्हणजे माती नव्हे. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना २०२२ साली मानवी रक्तातही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले आणि त्यांत पॉलिथिलीन होते.

गटाराची कथा सांगण्यासाठी बांगलादेशाकडे वळले पाहिजे, कारण पातळ पिशव्यांवर पहिली देशव्यापी बंदी तेथे आली. हा देश नद्यांचा. १९८८ साली तेथे महापूर आला आणि १९९८ साली दुसरा. ह्या दुसऱ्या पुरात दोनतृतीयांश देश पाण्याखाली होता आणि ते पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ हटले नाही. महापूर पिशव्यांनी आणला असे कोणी म्हणणार नाही. तो नद्यांनी आणि पावसाने आणला. परंतु ढाका शहरात शिरलेले पाणी बाहेर जाण्याचे मार्ग पिशव्यांनी बुजलेले होते, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १ जानेवारी २००२ पासून ढाक्यात आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून साऱ्या देशात पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी आली. ह्या निर्णयाला एक निराळी झळाळी होती. बांगलादेश हा तागाचा देश, आणि कृत्रिम धाग्याने व प्लॅस्टिकने तागाचे राज्य हिरावून घेतले होते. पिशवी गेली तर ताग परत येईल, अशी आशा अनेकांना वाटली.

ती आशा पुरी झाली नाही. पहिल्या काही वर्षांचा उत्साह ओसरला, तपासणी ढिली पडली, चोरून चालणारे लहान कारखाने वाढले, आणि तागाची पिशवी गरीब गिऱ्हाइकाला महागच राहिली. ढाक्याच्या बुरीगंगा नदीचा तळ पुन्हा प्लॅस्टिकने भरला. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुकानांत आणि नोव्हेंबरपासून खुल्या बाजारांत त्याच जुन्या बंदीची नव्याने अंमलबजावणी सुरू करावी लागली. बावीस वर्षांपूर्वीचा कायदा पुन्हा पहिल्यापासून आरंभावा लागणे ह्यात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे. जुनी वस्तू हातातून काढून घेताना नवी वस्तू हाताला सहज लाभेल अशी व्यवस्था केली नाही, तर कायदा कागदावर राहतो.

आपल्याकडे २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणातून जाणार नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. तशात मिठी नदीचे पात्र आक्रसलेले, खाजणे बुजविलेली, आणि नाल्यांच्या तोंडांशी पिशव्यांचे बोळे. महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. पिशवी ही ह्या अनर्थाच्या अनेक कारणांपैकी एक होती, आणि कदाचित मोठी नसेलही. तरीपण २००६ साली महाराष्ट्राने नियम करून ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. त्याआधी हिमाचल प्रदेशाने १९९५ साली आणि गोव्याने १९९६ साली न कुजणाऱ्या कचऱ्यासंबंधी कायदे केलेच होते.

हे मायक्रॉन काय प्रकरण आहे, ते थोडे समजून घेऊ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. केंद्र सरकारने १९९९ साली पिशवीची जाडी किमान २० मायक्रॉन ठरविली; २०११ साली ती ४० झाली, २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. प्लॅस्टिक कमी करावयाचे तर पिशवी जाड कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर पूर्वीच येऊन गेले आहे. जाड पिशवी तराजूत भरते, म्हणून वेचणारा तिला उचलतो. आणि ती महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट देण्यास कचरतो. पिशवीला अक्षरशः वजन आणण्याचा हा मार्ग होता. कल्पना शहाणपणाची, पण बाजारात मायक्रॉन मोजणार कोण? भाजीवालीपाशी जाडी मोजण्याचे यंत्र नसते, आणि गिऱ्हाइकाला बोटांनी पन्नास व पंचवीस ह्यांतील फरक कळत नाही.

ह्याच्या उलट आयर्लंडने निवडलेला मार्ग पाहा. त्या देशाने पिशवीवर बंदी घातली नाही की कोणाला तुरुंग दाखविला नाही. ४ मार्च २००२ पासून प्रत्येक पिशवीमागे १५ सेंट एवढी पट्टी गिऱ्हाइकाकडून घ्यावी, एवढेच ठरविले. पूर्वी दरमाणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात; त्या लवकरच २१ वर आल्या. पट्टीचा पैसा पर्यावरणाच्या कामासाठी वेगळा ठेवण्यात आला, आणि वापर पुन्हा किंचित वाढू लागला तेव्हा २००७ साली पट्टी २२ सेंट करण्यात आली. पंधरा सेंटांनी कोणी दरिद्री होत नाही. पण दर वेळी ते मोजताना मनाला एक टोचणी लागते आणि पुढच्या खेपेस माणूस घरून पिशवी घेऊन निघतो. आपल्या देशातही हा विचार झाला होता. २०११ च्या नियमांत फुकट पिशवी देऊ नये असे कलम होते. २०१६ च्या नियमांत पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावे असे म्हटले होते; लहान दुकानदाराला ते झेपणारे नव्हते, आणि २०१८ साली ते कलमच गाळण्यात आले. आयर्लंडने किंमत गिऱ्हाइकाच्या हाताशी आणून ठेवली, आपण ती दुकानदाराच्या नोंदवहीत घातली. दोहोंच्या फळात अंतर पडले ते ह्यामुळे.

तिसरा मार्ग धाकाचा. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये लागू केलेल्या बंदीत ४० लक्ष शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद ठेवली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद. कर्नाटकाने २०१६ साली आणि मध्य प्रदेशाने २०१७ साली पिशव्यांवर बंदी घातली होती. बेळगावच्या वाचकांना ह्यातील अडचण विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथे प्रत्येक सरकारचा नियम वेगळ्या सालचा आणि वेगळ्या शब्दांत लिहिलेला. आणि पिशवी तर वाऱ्यानेही सीमा ओलांडते. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरण्याच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आणली. तीत चमचे आहेत, पेले आहेत, पेय ओढण्याच्या नळ्या आहेत; पिशवीसाठी मात्र जाडीचाच नियम राहिला.

येथे एका फसवणुकीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. बंदीनंतर दुकानांत रंगीबेरंगी, कापडासारख्या दिसणाऱ्या मऊ पिशव्या आल्या. त्यांना आपण समाधानाने कापडी पिशव्या म्हणू लागलो. त्यांतील बहुतेक कापडाच्या नाहीत. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे तंतू दाबून त्या बनविलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. सुती कापडात आडवे-उभे धागे दिसतात; ह्या पिशवीत विणकर नाही, फक्त ठिपक्यांची दाबलेली नक्षी आहे. काही महिन्यांच्या उन्हात तिचा भुगा होतो, आणि तो भुगा प्लॅस्टिकचाच असतो.

खऱ्या कापडी पिशवीसही एक अट आहे. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले, की कापूस पिकविण्यापासून पिशवी होईपर्यंत एवढी ऊर्जा खर्ची पडते, की हवामानावरील भाराच्या दृष्टीने प्लॅस्टिकच्या पिशवीहून ती सरस ठरण्यासाठी ती १३१ वेळा वापरली पाहिजे. हा हिशेब नव्या कापडाच्या पिशवीचा आहे, आणि त्यात गाईचे पोट व तुंबलेले गटार धरलेले नाही. तरीसुद्धा समारंभात मिळालेल्या दहा-बारा कापडी पिशव्या कपाटात घडी करून ठेवणाऱ्याने त्यावर विचार करावा. आपल्या आज्या जुन्या लुगड्याची, विजारीची पिशवी शिवीत आणि ती दहा वर्षे वापरीत. त्यांनी मायक्रॉनही मोजले नाहीत आणि अहवालही वाचले नाहीत, परंतु हिशेबात त्या पहिल्या आल्या असत्या.

ह्या सर्व इतिहासाचे तात्पर्य काय? पिशवीचा भार आजवर कोणी तरी वाहतच होते. तो गाईने वाहिला, कासवाने वाहिला, गटार उपसणाऱ्या सफाई कामगाराने वाहिला, खालच्या वस्तीत राहून पुराचे पाणी घरात घेणाऱ्या कुटुंबाने वाहिला. ज्याने पिशवी केली, ज्याने विकली आणि ज्याने ती पंधरा मिनिटे हातात धरली, त्या तिघांना तेवढी ती हलकी वाटली. न्याय हा, की ज्याचा त्याने आपला वाटा उचलावा. २०१६ च्या नियमांनी आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकावर त्याच्या प्लॅस्टिकची जबाबदारी टाकली आहे. ती पार पडते की नाही हे पाहण्याचे काम सरकारचे. बाजारात पाच-पन्नास रुपयांची भाजी विकणाऱ्या बाईला पाच हजारांचा दंड करण्याआधी पिशवीच्या कारखान्याचे दार वाजविले गेले पाहिजे, असे म्हणण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

तो अधिकार आपल्याला शोभावा म्हणून आपला वाटा तेवढा आपण उचलू. तो फार मोठा नाही. उद्या सकाळी भाजीला निघताना खुंटीवरची पिशवी बरोबर घ्यावी, मासळीसाठी डबा घ्यावा, आणि ओले खरकटे पिशवीत गाठ मारून रस्त्यावर टाकू नये. भाजीवाली सवयीने प्लॅस्टिकची पिशवी पुढे करील, तेव्हा आपली पिशवी उघडून तिच्यासमोर धरावी. पिशवी वाचली म्हणून तिचेही चार पैसे वाचतील, आणि आठवडाभरात ती विचारण्याचे सोडून देईल.